नागझिऱ्याचा काळोख जपायलाच हवा

साकोलीहून पिटेझरी गेटने नागझिऱ्याच्या जंगलात जाता येते. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हे अभयारण्य भंडारा जिल्ह्यातच होते. तलावाजवळची वन विभागाची विश्रामगृहे ओळखली गेली ती वीज नसल्यामुळे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ हे पुस्तक इथल्याच मुक्कामातून आले. २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, तशी पर्यटकांची सोयींची अपेक्षाही वाढली. स्वच्छ खोली, पिण्याचे पाणी, नीट स्वच्छतागृह हवेच. पण एसी आणि झगमगाट कशासाठी? रात्री पाण्यावर येणारी जनावरे प्रखर दिव्यांना बुजतात. एसी खोली नागपुरातही मिळते; असा काळोख मिळत नाही. मुक्कामाची खरी किंमत त्यातच आहे, हे वन विभागाने विसरू नये.