उपचारासाठी मुंबईला जाताना मुक्कामाची सोय



पेरणीआधी आपण बी, खत, औत सगळे पाहून ठेवतो. पण घरात कर्करोगाचे दुखणे निघाले, की मिळेल ती गाडी धरून मुंबई गाठतो आणि मुक्काम कुठे करायचा ते दादरच्या फलाटावर ठरवतो. नेमका तिथेच दलाल भेटतो.

परळचे टाटा रुग्णालय १९४१ सालापासून चालू आहे. तिथे प्रत्येक रोग्याला खाट मिळत नाही. ज्याला आपण 'शेक' म्हणतो, ते किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे चालतात. रोज यायचे नि जायचे. म्हणून मुक्काम जवळ हवा.

आधी रुग्णालयातील समाजसेवा विभागात जा. उपचार किती दिवस चालतील ते डॉक्टरांना विचारून तिथे सांगा. स्वस्त निवाऱ्याची माहिती तिथे मिळते. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. बाबा आपल्याच वऱ्हाडातले, शेंडगावचे. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. रोग्याचे केसपेपर, दोघांची आधार कार्डे व त्यांच्या प्रती जवळ ठेवा. जागा लगेच मिळेलच असे नाही. नाव नोंदवून ठेवा.

भाड्याची खोली घ्यावीच लागली, तर एवढे पाळा:

१. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. पाणी किती वेळ येते, संडास कुठे आहे, रोग्याला किती जिने चढावे लागतील, स्वयंपाक करू देतात का, हे पाहा.

२. अनामत, भाडे, वीजबिल व दलाली वेगवेगळी विचारा. अनामत केव्हा परत मिळेल, ते लिहून घ्या.

३. करार लेखी करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. बियाण्याची पावती जपता, तशीच भाड्याचीही जपा.

किन्हीराजाहून अकोल्याला जाऊन रेल्वे धरणार असाल, तर रुग्णालयाचा सवलतीचा दाखला आधी मागा. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्याला स्लीपर वर्गाचे भाडे पूर्ण माफ असते, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते.

निघण्यापूर्वी एक गोष्ट घरीच ठरवा : रोग्याजवळ कोण राहील आणि सोयाबीन-तुरीकडे कोण पाहील. सगळे घर मुंबईला गेले, तर इकडे पीक जाते आणि तिकडे पैसा. औषधासाठी राखलेली रक्कम खोलीच्या भाड्यात संपू देऊ नका.