सरकतं दार आणि बायकांच्या माथी मारलेला दोष



“बायकांना गाडीचं दार लावता येत नाही.” हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहज बोललं जातं की आपणही ते खरं मानून बसलो आहोत. मला ते साफ अमान्य आहे. व्हॅनचं सरकतं दार बायकांमुळे बिघडत नाही. गाडीवर खर्च करायचा की नाही हे जो ठरवतो, तो त्या दारातून कधी चढत-उतरतच नाही, म्हणून ते बिघडलेलंच राहतं.

मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये ती बनायची थांबली. २०१० मध्ये आलेली ईको अजून विकली जाते. बीड, अंबाजोगाई, परळी, कुठेही बघा, व्यापारी घरांत यातली एखादी गाडी दिसेल. सहा दिवस दुकानाचा माल, सातव्या दिवशी घरची माणसं घेऊन कुंथलगिरी नाहीतर कुणाचं तरी लग्न. या गाड्यांची पुढची दोन दारं बिजागरीची असतात आणि मागची सरकती. पुढे बसतो चालवणारा, शेजारी घरातलं वडीलधारं माणूस. मागे आपण, सासूबाई, पोरं, डबे आणि पिशव्या. मग मागचं दार कसं चालतं हे पुढच्याला कळणार कसं?

मी कॉमर्सची पदवीधर, म्हणून हिशोबाच्या भाषेत सांगते. ऑइल, टायर, बॅटरी हे खर्च ‘गरजेचे’ ठरतात आणि दार मात्र ‘नंतर बघू’च्या खात्यात जातं. पण टाळलेली दुरुस्ती ही बचत नसते. ती पुढच्या वर्षाच्या नावावर ओढलेली उधारी असते, आणि वाढूनच परत येते. आज एक रोलर बदलून भागेल, उद्या पट्टी, लॉक आणि डेंटिंग तिन्हीचं बिल येईल.

“तुम्ही आपटता म्हणून बिघडतं,” असं कुणी म्हणालं तर त्यांना विचारा, आपटावं का लागतं? हे दार वर, मध्ये आणि खाली अशा तीन पट्ट्यांत रोलरवर चालतं. रोलर धड असेल तर आठ वर्षांची नातही ते सरकवते. रोलर झिजला की दार झुकतं, लॉकच्या जागी नीट बसत नाही, आणि मग जोर लावावा लागतो. आपटल्याने नुकसान वाढतं हे कबूल, पण सुरुवात तिथून होत नाही.

आता दोष ओळखायला शिकूया, म्हणजे गॅरेजमध्ये आपल्याला कुणी गप्प बसवणार नाही.

दार अर्ध्यात अडकत असेल तर आधी खालची पट्टी बघा. आपल्याकडची धूळ, खडे, शेंगांची टरफलं, बिस्किटांचा चुरा सगळं तिथेच साठतं. ब्रशने आणि कोरड्या फडक्याने ते काढा, मग रोलरला ग्रीसचा पातळ हात द्या. स्वयंपाकाचं तेल ओतू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. चढता-उतरताना पदरही सांभाळा, तो त्याच पट्टीत जातो.

लावताना दार जरा उचलावं लागत असेल तर ते अर्धं उघडून हलक्या हाताने वर-खाली हलवून बघा. खुळखुळलं तर रोलर झिजलाय किंवा त्याचा ब्रॅकेट ढिला आहे. मिस्त्री नुसता लॉकचा खुंटा सरकवून देत असेल तर त्याला थांबवा. दुखणं तसंच राहतं.

बाहेरून उघडतं पण आतून उघडत नाही, असं असेल तर आधी दाराच्या कडेला चाइल्ड लॉकचा खटका लागलाय का बघा. तो नसेल तर आतल्या हँडलची जोडणी सुटलेली असते. हे आजच करून घ्या. गाडीला काही झालं तर आत बसलेल्यांनी बाहेर पडायचं कुठून?

सर्वांत धोक्याचं म्हणजे पहिल्याच ‘टक्’वर थांबलेलं दार. लॉक दोन टप्प्यांत बसतं. पहिल्या टप्प्यावर दार लागल्यासारखं वाटतं, पण पक्कं लागलेलं नसतं. हे दार मागे सरकून उघडतं, म्हणजे मांजरसुंब्याचा घाट चढताना त्याचा सगळा भार उघडण्याच्याच दिशेने असतो. उतारावर उलटं होतं. दार उघडं धरणारी अटक ढिली असेल तर ते आपोआप पुढे येतं, आणि मध्ये पोरांची बोटं असतात.

आणि डावीकडचं दार अडकलं की आपण काय करतो? उजवीकडून उतरतो, थेट वाहत्या रस्त्यावर. याला मी अडचण म्हणणार नाही, हा अपघाताला दिलेला निमंत्रणाचा नारळ आहे.

“गाडीच जुनी आहे,” ही सबबही पुरे. अमेरिकेत २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये टोयोटाने सिएना या कुटुंबांच्या गाड्या परत बोलावल्या. २०११ ते २०१६ या मॉडेलच्या सुमारे ८ लाख ३४ हजार, म्हणजे त्यात अगदी नव्याही आल्या. कारण एवढंच की विजेवर सरकणारं दार चालत्या गाडीत उघडण्याची शक्यता होती. तिथे कुणी बायकांना दोष दिला नाही, कंपनीने दुरुस्तीचा खर्च उचलला.

गाडी वॉरंटीत असेल आणि “या गाड्यांचं असंच असतं” असं उत्तर मिळालं, तर ऐकून घेऊ नका. दोष जॉबकार्डवर लिहून घ्या, नेमक्या शब्दांत, आणि प्रत जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, वकील सक्तीचा नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. तक्रार आपल्या नावानेही होते, बिल आपल्या नावावर असेल तर. म्हणून पुढची गाडी घेताना ते नाव कुणाचं असेल, हेही घरात बोलून घ्या.

नातवंडांच्या शाळेची व्हॅनसुद्धा याच नजरेने बघा. दार सुतळीने बांधलेलं दिसलं तर पोराला त्या गाडीत बसवू नका.

येत्या रविवारी एक करा. घरच्या कर्त्या पुरुषाला मागच्या सीटवर बसवा, मांडीवर दोन पिशव्या द्या, दार लावून घ्या आणि त्यांना म्हणा, “अहो, आता आतून उघडून दाखवा.” दार उघडलं तर उत्तमच. नाही उघडलं, तर सोमवारी सकाळी गाडी गॅरेजला गेलेली असेल, मला खात्री आहे.