आजोबांचा रेडिओ बरा झाला!

बालमित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर किंवा आजोबांच्या उशाशी एखादा जुना ट्रान्झिस्टर आहे का? असेल तर तो भंगारवाल्याला देण्याआधी जरा थांबा. आमच्या रेवदंड्यातल्या एका रेडिओची गोष्ट आधी ऐका.

माझ्या वर्गात चौथीला एक मुलगा होता. त्याचे आजोबा रोज संध्याकाळी पडवीत बसून मध्यमलहरींवर जुनी गाणी लावायचे. पण गाणं कमी आणि खरखरच जास्त! नातू वैतागायचा. म्हणायचा, "आजोबा, द्या हा डबा टाकून! तुम्हांला हवं ते गाणं मी मोबाइलवर लावून देतो." आजोबा नुसते हसायचे.

मग आला ३ जून २०२०. त्या दिवशी 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. काही तासांत माड मोडले, पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले. आजोबांची सुपारीची वाडी त्यांच्या वडिलांनी लावलेली. नव्या पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षं तरी लागतात आणि आजोबांनी तर पंच्याहत्तरी गाठलेली. हिशेब तुम्हीच करा. आजोबा बोलेनासेच झाले. हाक मारली की जेवायला उठत, इतकंच.

घरात वीज नव्हती. मोबाइल मुका झाला होता. चार दिवसांनी रात्री कंटाळून नातवानं तोच 'डबा' काढला, सेल घातले आणि काटा फिरवला. आणि काय आश्चर्य! कुठल्याशा दूरच्या केंद्रावरचं गाणं अगदी स्वच्छ ऐकू आलं. अंधारातून आजोबांचा आवाज आला, "सैगल आहे. राहू दे, बदलू नकोस."

त्या रात्री आजोबा पुष्कळ बोलले. त्यांच्या लहानपणी गावात रेडिओ मोजकेच असत. ते बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे. त्या काळी नभोवाणीमंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत, म्हणून आकाशवाणीवर ती फारशी लागत नसत. मग लोक काटा फिरवून थेट श्रीलंकेचं केंद्र लावायचे, रेडिओ सिलोन! तिथून १९५२ साली 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजले की अमीन सयानींचा आवाज ऐकायला घरोघरी माणसं जमत. अखेर आकाशवाणीनंही ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू केली.

सिलोनवर सकाळी जुन्या चित्रपटांतल्या गाण्यांचा कार्यक्रम असे. आठाच्या सुमाराला तो संपे आणि शेवटचं गाणं कुंदनलाल सैगल यांचं ठरलेलं! सैगल तर १९४७ सालीच गेले होते, पण त्यांचा आवाज रोज सकाळी घरात यायचा. "ते गाणं संपलं की आमचे वडील रहाट जुंपायला उठत. आमचं घड्याळच होतं ते," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा कोयता घेऊन वाडीत गेले. वादळानंतर पहिल्यांदाच.

शाळा तेव्हा बंदच होती. नातू माझ्या घरी धावत आला. "बाई, रेडिओ आपोआप बरा झाला!" मलाही उलगडा होईना. पुढे वीज आली, दिवे लागले आणि खरखर पुन्हा हजर! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेडिओ आजारी नव्हताच मुळी!

हे कसं, सांगते. मध्यमलहरींचं प्रसारण 'ए. एम.' पद्धतीचं असतं. त्यात गाण्याच्या आवाजाप्रमाणे रेडिओलहरीची उंची कमीजास्त होते. घरातले एल. ई. डी. दिवे, मोबाइलचे चार्जर, टीव्ही हेसुद्धा बारीक बारीक रेडिओलहरी सोडत असतात. त्या मूळ लहरीत मिसळतात आणि उंची बिघडवतात. बिचाऱ्या रेडिओला वाटतं, हाही गाण्याचाच भाग! 'एफ. एम.'मध्ये लहरीची उंची तीच राहते, फक्त ती दाट-विरळ होते. म्हणून तिथे खरखर कमी.

मग ए. एम. कशाला हवं? कारण ते लांब पोचतं. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मध्यमलहरींवर ५५८ किलोहर्ट्झवर लागे. तिची एकेक लहर अर्ध्या किलोमीटरहून लांब! अशी लहर खाऱ्या पाण्यावरून तर फारच छान जाते. शिवाय रात्री आणखी एक गंमत होते. दिवसा वातावरणातला एक थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो. मग त्याच्याही वरच्या थरावर आपटून लहरी परत जमिनीवर येतात, त्याही शेकडो किलोमीटर दूर. चेंडू भिंतीवर आपटून परत येतो ना, तशाच! म्हणून तर त्या रात्री दूरचं केंद्र आमच्या गावात लागलं.

आता तुम्ही एक प्रयोग करा. सेलवर चालणारा रेडिओ मध्यमलहरींवर लावा आणि रात्री तो चार्जरजवळ न्या. मग घरातल्या मोठ्यांना विचारून एकेक बटण बंद करा. खरखर कशानं कमी झाली, ते वहीत लिहा. रेडिओ हळूहळू गोल फिरवूनही बघा. आवाज कमीजास्त होईल, कारण त्याच्या आतली अँटेनाची कांडी ठरावीक दिशांनीच नीट ऐकते. रेडिओ उघडायचा मात्र नाही हं!

आमच्या त्या चौथीतल्या मुलानं हा प्रयोग केला आणि घरात नियमच करून टाकला. रोज संध्याकाळी अर्धा तास टीव्ही बंद, चार्जर काढलेले, दिवाही मालवलेला. सगळी मंडळी पडवीत. पहिल्या दिवशी आई कुरकुरली, ताई तर रुसूनच बसली. पण आता गाणं संपलं की तीच विचारते, "आजोबा, हे कुणी म्हटलंय हो?"

तुमच्या आजीआजोबांच्या तरुणपणी कोणतं गाणं लागायचं, ते तुम्हांला ठाऊक आहे का? नाही? मग आज अर्धा तास दिवा मालवा आणि त्यांना विचारा. काय सांगितलं, ते मला जरूर कळवा!