आधी ऊब, मग दूध

ग्वाल्हेरची थंडी पुण्या-मुंबईकडून आलेल्या पाहुण्यांना चकित करते. पौषात पारा चार-पाच अंशांवर येतो, कधी त्याहूनही खाली जातो. धुके तर दिवस बराच वर येईपर्यंत हटत नाही. आपण रजईतून पाय बाहेर काढावयास कचरतो, नेमक्या त्याच दिवसांत लष्करच्या गल्लीबोळांत कुत्र्या वितात. पुष्कळशा कुत्र्या पावसाळा सरता सरता माजावर येतात. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. तेव्हा पिले जन्मास येतात ती ऐन हिवाळ्याच्या तोंडाशी किंवा भर हिवाळ्यात. त्यांतील किती उन्हाळा पाहतात, हे आपल्या गल्लीत डोळे उघडे ठेवून चालणाऱ्या कोणाही विद्यार्थ्यास विचारावे.

या पिलांविषयी आपल्याकडे दयेचा तुटवडा आहे, असे मी म्हणणार नाही. दया भरपूर आहे. ज्ञान थोडे आहे. पिलू कुंई कुंई करू लागले की ते भुकेले आहे असे आपण धरून चालतो आणि बशीभर दूध घेऊन धावतो. नवजात पिलाची पहिली गरज दूध ही नसून ऊब ही आहे, हे या लेखात मला सांगावयाचे आहे.

पिलाच्या शरीराची घडणच तशी आहे. किटलीतील चहापेक्षा वाटीतील चहा लवकर निवतो. त्याचप्रमाणे ओंजळीत मावणारे ते इवलेसे अंग आतील उष्णता फार वेगाने गमावते. अंगावर चरबी जवळजवळ नाही. थंडी वाजली की आपण कुडकुडतो, आणि त्या कुडकुडण्यातून शरीर स्वतःस थोडीफार उष्णता मिळवून देते. पहिला आठवडाभर तरी पिलास कुडकुडताही येत नाही. मोठ्या कुत्र्याच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, नवजात पिलाचे ३५ ते ३७ च्या आसपास, आणि तेवढे टिकविण्यासाठीही भोवतालची जागा पहिल्या आठवड्यात ३० अंशांच्या जवळपास उबदार असावी लागते. बाहेर पाच अंश आणि पिलास हवेत तीस! ही तफावत भरून काढते ती त्याची आई आणि भावंडांचा ढीग. डोळे उघडावयास दहा ते चौदा दिवस लागतात, कान त्यानंतर उघडतात. आंधळे-बहिरे असे ते पिलू मान डावीकडे-उजवीकडे हलवीत, पोटाने सरपटत केवळ उबेचा माग काढीत असते.

असे पिलू थंड पडले म्हणजे काय होते? शरीराचे तापमान ३४ अंशांखाली गेले की त्याचे आतडे काम करीत नाही आणि चोखण्याची शक्तीही जाते. अशा वेळी तोंडात ओतलेले दूध पोटात तसेच साचून राहते, किंवा श्वासनलिकेत शिरून फुप्फुसांत जाते. कुत्र्याने पोळी पळविली तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती मला फार प्रिय आहे. पण तो कुत्रा धावत होता, म्हणजे चांगला ऊबदार होता! गारठून निपचित पडलेल्या पिलास आधी सुके फडके, मग उबदार हात, मग सावकाश शेक, आणि ते हालचाल करून तोंड शोधू लागले म्हणजे मग दूध. हा शेकही एकदम नको. तास-दोन तास लागले तरी लागू द्यावेत. ते दूध आईचे मिळाले तर सोन्याहून पिवळे, कारण पहिल्या दिवसाच्या दुधातून रोगांशी लढण्याचे सामर्थ्य पिलात उतरते. गाईचे दूध कुत्रीच्या दुधाहून बरेच पातळ. त्याने पिलांस हगवण लागते.

म्हणूनच पिले उचलून घरी नेण्याच्या मोहास माझा विरोध आहे. दप्तरात घालून आणलेले पिलू रात्री गॅलरीत रडत बसते आणि तिकडे आई त्यास हुंगत गल्लीभर हिंडते, यात भूतदया कोणती? पहिले दोन-तीन आठवडे पिलास मलमूत्रविसर्जनही आईने चाटल्यावाचून नीट होत नाही. आई दिसत नाही म्हणजे ती पिले टाकून गेली, असेही समजू नये. बहुधा ती अन्नाच्या शोधात असते. पिलांपासून दूर राहून काही वेळ वाट पाहावी. खरे तर पिलांना ऊब द्यावयाचा सर्वांत सोपा उपाय आईस खाऊ घालणे हाच आहे. दूध पाजणाऱ्या कुत्रीस एरवीच्या दुपटी-तिपटीने अन्न लागते. ते तिला बसल्या जागेजवळ मिळाले, तर ती उकिरडे धुंडाळावयास जात नाही आणि पिले उघडी पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट वडीलधाऱ्या मंडळींच्या कानावर घालावीशी वाटते. जुन्या वाड्यांत ही समस्या इतकी बोचरी नव्हती. न्हाणीघरापाशी बंब पेटत असे, त्याची राख परसात पडे. जिन्याखाली गोवऱ्या नि लाकडे रचलेली असत, कोठे गाईसाठी गवत असे. राखेच्या ढिगात अंग मुडपून निजलेली कुत्री हे तेव्हाचे रोजचे दृश्य. वाडे पडले, बंब गेले, भिंतीतील गिझर भिंतीतच ऊब देतो. खाली फरशी आणि लोखंडी फाटक. उघडा दिवा लावून ऊब करावी, तर आताचे एलईडी दिवे उजेड देतात, जुन्या तारेच्या दिव्यासारखी धग देत नाहीत. वाडे परत यावेत असे माझे म्हणणे नाही. त्यांतील डास आणि काळोखही मला आठवतो. पण जिन्याखालची दोन हात जागा तीन आठवड्यांकरिता सोडणे कोणत्याही घरास जड नाही.

तेथे पुठ्ठ्याचे किंवा लाकडाचे खोके आडवे ठेवावे, तोंड वाऱ्याकडे नसावे, आणि पिले गडगडून बाहेर येऊ नयेत एवढा उंबरठा असावा. खाली प्लास्टिकचा तुकडा, त्यावर जुन्या वर्तमानपत्रांचे थर, वर कोरडे पोते किंवा जुनी सतरंजी. सुटे दोरे लोंबणारे कापड मात्र नको, पिलांचे पाय त्यात अडकतात. ओले झालेले अंथरूण लगोलग बदलावे. ओले पोते नसलेल्या पोत्याहून वाईट. पिलांस आंघोळ कदापि घालू नये. आई नसलेल्या पिलांसाठी गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूस ठेवावी, म्हणजे फार ऊन झाले तर पिलास दुसरीकडे सरकता येते. पाणी निवले की बदलावे, नाहीतर तीच बाटली पिलाची ऊब शोषून घेते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिच्या विषारी वायूने पिलेच काय, माणसेही दगावतात. आणि अशा पोरक्या पिलांना पशुवैद्यास दाखवावे; केवळ माहितीच्या बळावर ती वाचत नाहीत.

कोणी म्हणेल, गल्लीत कुत्री आधीच पुष्कळ, चावतात, रेबीजचे भय. त्यात ही नवी भर कशाला? हे भय खोटे नाही. रेबीज एकदा अंगात प्रकट झाला की माणूस बहुधा वाचत नाही. व्यालेली कुत्री एरवी गरीब असली तरी पिलांपाशी कोणास फिरकू देत नाही, म्हणून खोके ठेवण्याचे काम घरातील मोठ्या माणसाने, ती बाहेर गेली असता करावे. दात लागलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, घरी लपवून ठेवू नये. परंतु थंडीने पिले मेल्यामुळे कुत्र्यांची संख्या आटोक्यात राहते, हा समज मला मान्य नाही. तीच कुत्री पुढे पुन्हा विते. संख्या आटोक्यात येते ती शस्त्रक्रियेने आणि रेबीज रोखला जातो तो लसीने. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी ही कामे स्थानिक संस्थांवर सोपविली आहेत. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे १९७६ पासून संविधानातील मूलभूत कर्तव्यांतही आहे. कुत्री ओळखीची झाली, जिन्याखाली येऊन जेवू लागली, म्हणजे पिलांनी दूध सोडल्यावर तिला शस्त्रक्रियेसाठी नेणेही सोपे जाते. दगड मारून हुसकावलेली कुत्री कोणाच्याच हाती लागत नाही.

तीन-चार आठवड्यांत पिले आपण होऊन उंबरठा ओलांडतात, अंगणातल्या उन्हात लोळतात आणि चपला पळवू लागतात. तोवर संक्रांत होऊन गेलेली असते. पोते उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाकावे, खोके रद्दीवाल्यास द्यावे, आणि पिले सहा ते आठ आठवड्यांची झाली की लसीकरिता पशुवैद्याकडे न्यावीत.