पुस्तकाचा पहिला वाचक

नवे पुस्तक प्रसिद्ध होण्यापूर्वी त्याची एखादी प्रत आमच्या कार्यालयात येऊन पडावी, ही गोष्ट आता नित्याची झाली आहे. प्रतीसोबत एक नम्र चिठ्ठी असते. चार ओळींचा अभिप्राय पाठवावा, मलपृष्ठावर छापावयाचा आहे, असा तिचा आशय असतो. चिठ्ठी कितीही नम्र असली तरी तिच्यातील अपेक्षा उघड असते : अभिप्राय म्हणजे शिफारस. ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे त्या आपल्या नगर जिल्ह्यातून अशा दोन प्रती नुकत्याच आमच्याकडे आल्या. दोन्ही आम्ही मन लावून वाचल्या. वाचून संपल्यावर मनात जे उमटले ते संमिश्र होते, आणि संमिश्र मत चार ओळींत बसत नाही.

पहिला ग्रंथ एका सहकारी साखर कारखान्याच्या वाटचालीचा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने याच जिल्ह्यात प्रवरानगरला जो प्रयोग उभा राहिला, त्याने शेतकऱ्याला भांडवलाचा धनी होण्याची वाट दाखविली, हे कोणीही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्या परंपरेचा अभिमान या ग्रंथात आहे आणि तो अस्थानी नाही. गाळप, उतारा, भाव यांचे तक्ते परिश्रमपूर्वक केलेले आहेत. परंतु ज्यांच्या हातातील कोयत्यावर हे सारे उभे आहे, त्या ऊसतोडणी कामगारांच्या वाट्याला एक परिच्छेद आणि एक छायाचित्र आले आहे. छायाचित्राखाली नावे नाहीत. नवराबायको मिळून जेथे 'एक कोयता' धरला जातो, तेथे बाईचे नाव कोण विचारणार? उचल, मुकादम, फडावर वाढणारी मुले यांपैकी काहीही या ग्रंथात नाही.

दुसरे पुस्तक आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या आठवणींचे. १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याची कामे, तेथे वाटली जाणारी सुकडी, मजुरीसाठी निघालेले मोर्चे यांचे वर्णन त्यांनी असे केले आहे की ते वाचताना घशाला कोरड पडावी. मात्र चळवळीतील मतभेदांचा विषय आला की लेखणी एकाएकी सौम्य होते. समाजवादी पक्ष किती वेळा फुटला आणि किती वेळा जुळला, हे आपण सारे जाणतो. या पुस्तकात मात्र कोणाचेच काही चुकलेले नाही. सहकाऱ्यांविषयीचा हा जिव्हाळा माणूस म्हणून लोभस आहे, परंतु उद्याच्या कार्यकर्त्याला त्यातून काय शिकता येईल?

हे आम्ही लेखकाला सांगावे की नाही, असा प्रश्न आमच्यापुढे होता. उत्तर शोधताना आम्हांला याच जिल्ह्यातील एका घटनेचे स्मरण झाले.

९ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य पकडले गेले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झाले. तेथेच १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत जवाहरलाल नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिला. किल्ला पाहावयास जाणाऱ्यांना एवढे ठाऊक असते. त्या हस्तलिखिताचे पहिले वाचक कोण होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ते वाचक म्हणजे नेहरूंचे सहबंदी. त्यांनी हस्तलिखित वाचले, सूचना केल्या, आणि त्या लक्षात घेऊन नेहरूंनी तुरुंगातच मजकुरात भर घातली. १९४६ साली कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने ग्रंथ काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी हे ऋण नोंदविले. अबुल कलाम आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव आणि असफ अली या चौघांचा तेथे विशेष उल्लेख आहे.

ही मंडळी नेहरूंची स्तुतिपाठक नव्हती. नरेंद्र देव १९३४ साली स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, बौद्ध तत्त्वज्ञानाचे अधिकारी पंडित. आझाद इस्लामी विद्येचे गाढे अभ्यासक. दोघांचा पिंड नेहरूंहून वेगळा. पुस्तक छापले जाण्यापूर्वी आपल्याहून निराळ्या दृष्टीच्या माणसांच्या हाती ते द्यावे, हे शहाणपण त्या भिंतींच्या आत होते. बाहेर मोकळ्या हवेत राहणाऱ्या आम्हां लोकांना ते का जमू नये?

दुसरे उदाहरणही याच मातीतले. अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली ग्रंथालीने प्रसिद्ध केले. मराठी साहित्यविश्वाने त्याचे मोठे स्वागत केले. परंतु लेखकाच्या स्वतःच्या समाजातील काहीजण त्याने व्यथित झाले. आमचे उघडेवाघडे जिणे चव्हाट्यावर का मांडले, हा त्यांचा सवाल होता. स्वागत खरे होते आणि ती वेदनाही खरी होती. ज्यांचे जगणे पुस्तकात येते त्यांचे मत आणि ज्यांना ते केवळ वाचावयाचे असते त्यांचे मत एक असेलच असे नाही, हा धडा त्या पुस्तकाने महाराष्ट्राला दिला.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. छपाईपूर्वी दहाजणांचे मत घ्यावयाचे म्हटले तर लेखकाचे स्वातंत्र्य उरणार कसे? 'बलुतं'साठी कोणाची संमती मिळवावी लागली असती, तर ते कदाचित प्रसिद्धच झाले नसते. पक्षाने पुस्तके तपासून मंजूर करावयाची प्रथा जेथे जेथे पडली, तेथे वाङ्मयाची काय अवस्था झाली हे जगाने पाहिले आहे. म्हणून भेद स्पष्ट केला पाहिजे. आम्ही सल्ल्याविषयी बोलत आहोत, परवानगीविषयी नव्हे. किल्ल्यातील सहबंद्यांनी सूचना केल्या. कोणती घ्यावयाची आणि कोणती सोडावयाची हे लेखकाने ठरविले. वाचकाने मन मोकळे करावे, लेखकाने ऐकून घ्यावे आणि अखेरचा शब्द लेखकाचाच राहावा.

हे पथ्य प्रथम आपल्याच घरात पाळले पाहिजे. पक्षाच्या पुस्तिका, अहवाल, स्मरणिका छापून आल्यावर कार्यकर्त्यांच्या हाती पडतात, तोवर चूक दुरुस्त करण्याची वेळ निघून गेलेली असते. मग चहाच्या टपरीवर कुजबूज आणि सभेत टाळ्या, असा दुहेरी व्यवहार सुरू होतो. खासगीत निंदा आणि जाहीर स्तुती यांतून चळवळ वाढत नाही, फक्त शिष्टाचार वाढतो.

उपाय अवघड नाही. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. या वाचनालयांनी कपाटे सांभाळावीत, तसेच महिन्यातून एका संध्याकाळी एखाद्या स्थानिक लेखकाच्या अप्रकाशित मजकुराचे वाचनही ठेवावे. ज्यांना अक्षरे येत नाहीत त्यांनाही तेथे बसता येईल, कारण ऐकावयास साक्षरता लागत नाही. कारखान्याच्या ग्रंथातील तोडणीचे प्रकरण तोडणाऱ्या बाईने ऐकले आणि 'हे असे नसते' एवढेच म्हटले, तरी ते पहिले शास्त्रशुद्ध परीक्षण ठरेल. आणि कार्यकर्त्या मित्रांनी कोणाचीही प्रत हाती आली तर 'सुंदर', 'संग्राह्य' एवढ्यावर न थांबता पानाचा क्रमांक घालून लिहावे : हे पटले, हे पटले नाही, हे राहून गेले.

आम्ही आमच्यापुरते तसे केले आहे. दोन्ही लेखकांना मलपृष्ठासाठी ओळी पाठविल्या नाहीत, टिपणे पाठविली. ज्येष्ठ सहकाऱ्याच्या टिपणात आमच्या स्वतःच्या एका चुकीचा उल्लेख आहे; ती त्यांनी सौजन्याने गाळली होती, ती घालावी अशी आम्ही विनंती केली आहे. त्यांना राग आला तर तो आम्ही सोसू. पुस्तक दोन महिने उशिरा निघाले तरी चालेल. ते खरे निघाले पाहिजे.