बादलीभर कोमट पाण्याचा प्रश्न

थंडीचा जोर वाढला की पुण्या-नाशिकसारख्या शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या आवारात पहाटे पाचच्या सुमारास एक दृश्य हमखास दिसते. कानांना मफलर गुंडाळलेला एक इसम बादली घेऊन मोटारींच्या रांगेतून फिरत असतो. रात्रभर गारठलेले टाकीचे पाणी, मूठभर कपडे धुण्याची पावडर आणि एक फडके एवढ्या भांडवलावर तो उजाडायच्या आत दहा-पंधरा मोटारी धुतो. त्याच वेळी वरच्या मजल्यांवर मोटारमालकांच्या स्नानाचे पाणी तापत असते. हा विरोध आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, मोटार धुण्यासाठी कोमट पाणी द्यावे असे कोणी सुचवलेच, तर ‘आता मोटारीलाही अभ्यंगस्नान घालायचे काय?’ असा सवाल येतो.

या सवालातील उपहास बाजूला ठेवून केवळ मोटारीच्या हिताचा विचार केला, तरी उत्तर होकारार्थीच द्यावे लागेल. हिवाळ्यात दवाने भिजलेली धूळ रंगावर घट्ट बसते. पक्ष्यांची विष्ठा आणि तेलाचे ओघळ गार पाण्याने सहजी सुटत नाहीत. मग जोराने घासणे आले, आणि घासताना धुळीचे बारीक कणच रंगावर ओरखडे काढतात. कोमट पाण्यात साबण नीट विरघळतो, तेलकटपणा लवकर सुटतो आणि घासण्याचे श्रम वाचतात. युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशांत रस्त्यांवरील बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. ते मोटारीच्या तळाला चिकटून पत्रा गंजवते, म्हणून तेथे हिवाळ्यात मोटार धुणे ही चैन समजली जात नाही. आपल्याकडे ते संकट नाही, हे खरे. परंतु मळ सुटण्याचे शास्त्र दोन्हीकडे एकच आहे.

मात्र कोमट म्हणजे कढत नव्हे. गारठलेल्या काचेवर एकाएकी कढत पाणी ओतले, तर तिच्यातला बारीकसा तडाही पसरू शकतो. रंगावरील मेणाचा लेप मऊ पडतो तो वेगळाच. विसण घालण्याची आपल्या घरांतील जुनी रीत येथे उपयोगी पडते. हात सुखाने बुडवून ठेवता येईल, इतपतच ऊन पाणी असावे. म्हणजे मोटारीला जे मानवते, तेच धुणाऱ्याच्या हातालाही मानवते. मालक आणि मजूर यांच्या हिताचा असा सहज मेळ क्वचितच बसतो.

खर्चाचा आक्षेपही टिकणारा नाही. दहा लिटर पाणी १५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवण्यास साधारण ०.३ युनिट वीज पुरते. दोन बादल्या, एक साबणाची आणि एक स्वच्छ पाण्याची, धरल्या तरी हिशेब ०.६ युनिटाच्या आसपास राहतो. अनेक इमारतींच्या गच्चीवर सौर बंब आहेत, तेथे तर तोही प्रश्न नाही. उलट सकाळी नळाला गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी आपण मोरीत सोडून देतो, तेच विसणाला घेता येईल. खरी उधळपट्टी होते ती रबरी नळीने. मिनिटाला दहा लिटर या दराने ती दहा मिनिटे मोकळी सोडली, तर १०० लिटर पाणी वाहून जाते. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाला पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास बंदी घालून ५,००० रुपये दंड जाहीर करावा लागला, हे विसरता येणार नाही.

येथे एक शंका रास्त आहे. पंधरा मोटारींना रोज तीस बादल्या ऊन पाणी कोणी पुरवायचे? परंतु मोटार रोज धुवावीच कशासाठी? रोजच्या मळक्या फडक्याने तिचा रंग उजळत नाही, झिजतो. आठवड्यातून एकदा नीट धुतली, तरी ती पुरेशी स्वच्छ राहते. वारांची वाटणी केली, म्हणजे दिवसाला दोन-तीन मोटारींचाच प्रश्न उरतो. ज्याची मोटार, त्याने आपल्या वारी दोन बादल्या खाली पाठवाव्यात. अर्थात या निमित्ताने धुणाऱ्याचा पगार कापणे हा शुद्ध अन्याय ठरेल. पाण्याबरोबर त्याच्या श्रमाचीही बचत व्हावी, उत्पन्नाची नव्हे. कपड्यांच्या पावडरीऐवजी मोटारीसाठी मिळणारा सौम्य साबणही मालकानेच द्यावा. त्या पावडरीने रंगावरचे मेण जाते, आणि गार पाण्यात ती दिवसचे दिवस वापरणाऱ्याच्या हातांना भेगा पडतात. मोटारीच्या रंगाची निगा राखण्यास बाजारात मलमे पुष्कळ आहेत. त्या भेगांची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही.

ज्यांना हे सारे अवास्तव वाटते, त्यांनी एखाद्या रविवारी आपली मोटार पहाटे स्वतः धुऊन पाहावी. छतापासून सुरुवात करून चाके शेवटी घ्यावीत आणि पाणी टाकीचेच घ्यावे. दुसरी बादली भरण्यापूर्वीच त्यांची पावले वरच्या मजल्याकडे, ऊन पाणी आणण्यासाठी वळतील, याविषयी आमच्या मनात शंका नाही. सोमवारी ती बादली दुसऱ्याच्या हाती जाईल, तेव्हाही ती ऊन असावी, एवढीच अपेक्षा आहे.