पाऊस कुर्गात, पाणी कुंभकोणमला

जून अर्ध्यावर आलेला असतो. आपल्याकडे माळ्यावरच्या छत्र्या खाली उतरलेल्या असतात, शाळेच्या पहिल्याच आठवड्यात मुलांचे बूट भिजून चिंब झालेले असतात. तमिळनाडूत, तंजावरपासून चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या कुंभकोणमला मात्र तेव्हा ऊन रणरणत असतं. आकाशात नाव घेण्याजोगा ढग नाही. कावेरीचं पात्र म्हणजे नुसती वाळू. भागवत पडित्तुरै, चक्र पडित्तुरै अशी इथल्या घाटांची नावं. 'पडित्तुरै' म्हणजेच पायऱ्यांचा घाट. त्यातल्या शेवटच्या पायरीखाली पोरांचं क्रिकेट रंगलेलं असतं.

आणि एक दिवस गावभर होतं, 'तण्णी वंदाच्चु!' पाणी आलं!

पूर म्हटलं की डोळ्यांसमोर लोंढा येतो. इथं तसं काही नसतं. आधी वाळूवरून बोटभर उंचीची एक मातकट जीभ सरकत येते. तिच्या टोकाला फेस, सुकलेली पानं, काटक्या. पुढची वाळू आधी स्वतः पोटभर पिते, मग पाण्याला वाट देते. कुणी फुलं टाकतं, कुणी कापूर लावतं, कुणी चक्क साष्टांग नमस्कार घालतं. आणि वर आकाश कोरडं ते कोरडंच!

कारण हा पाऊस इथला नव्हेच. नैऋत्य मोसमी वारे आपलं बहुतेक पाणी सह्याद्रीवर रितं करतात आणि कावेरीच्या या सखल मुलखाला खरा पाऊस मिळतो तो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. जूनमध्ये कुंभकोणमला येणारं पाणी कर्नाटकातल्या कुर्गात आणि केरळातल्या वायनाडात पडलेलं असतं. कावेरीचं कृष्णराजसागर आणि कबिनीचं धरण यांतून सुटलं की ते मेट्टूरच्या जलाशयात उतरतं. १९३४ साली पूर्ण झालेल्या या धरणाची पातळी १२० फुटांवर गेली की ते भरलं म्हणायचं. तिथून १२ जूनला पाणी सोडायचं, ही प्रथा. मग तीन-चार दिवसांनी ते कल्लणैला, म्हणजे करिकाल चोळाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन बंधाऱ्याला येतं. तिथं फुलांबरोबर मूठ-मूठ भात पाण्यावर उधळून दारं उघडतात आणि कावेरी फाटे फोडत पूर्वेला निघते. नाशिकला पावसाची झड लागली की पैठणला जायकवाडीच्या पातळीकडे डोळे लागतात, हे मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. फरक एवढाच, की इथं मध्ये राज्यांच्या सीमा आहेत.

दुसऱ्याच्या पावसावर भरणारी आणखी एक जागा पार ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात आहे. काटी थांडा-लेक एअर हे तिचं आजचं जोडनाव. समुद्रसपाटीपेक्षाही सुमारे १५ मीटर खाली असलेलं हे मिठाचं सरोवर भरलं तर आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहून मोठं होतं. एरवी मात्र ते इतकं कोरडं नि सपाट, की १९६४ साली डोनाल्ड कॅम्पबेल यांनी तिथंच ताशी ६४८ किलोमीटर वेगानं मोटार पळवून विक्रम केला. (आदल्या वर्षीचा त्यांचा बेत पावसानंच बुडवला होता!) शेकडो किलोमीटरवर क्वीन्सलँडमध्ये पाऊस झाला, की ते पाणी कोरड्या नद्यांतून आठवडेच्या आठवडे चालत या सरोवराकडे येतं. काठोकाठ भरणं फारच दुर्मीळ. १९७४चा पूर ज्ञात नोंदींतला सर्वात मोठा. २०२५च्या मार्चमध्ये तिकडे तुफान पाऊस झाला, आणि मे महिन्यात सरोवरात पाणी शिरू लागलं.

झालं! विल्यम क्रीकसारख्या मूठभर वस्तीच्या गावातून चिमुकल्या विमानांच्या फेऱ्यांवर फेऱ्या सुरू झाल्या. खाली कुठं गुलाबी, कुठं तपकिरी पाणी, पांढऱ्या मिठाच्या कडा आणि कुठून कुठून पत्ता लागून आलेले पेलिकन. खिडकीला नाक लावून बसायचं, फोटो काढायचे नि परतायचं. सरोवर वरूनच पाहायचं, यालाही कारण आहे. तिथल्या अरबाना आदिवासींसाठी ते पवित्र आहे. त्याच्या तळावर कुणी पाय ठेवू नये, हे त्यांचं सांगणं २०२५ साली नियमातही आलं.

तिथं पाणी बघून झालं की प्रवासी घरी जातो. कुंभकोणममध्ये मात्र पाणी आल्यावरच कामाला सुरुवात होते. जूनमध्ये आलं तर 'कुरुवै' हे भाताचं पहिलं पीक हाती लागतं. ऑगस्टपर्यंत लांबलं तर कुरुवै बुडालं, 'सांबा' या पुढच्या पिकावरच भिस्त. कुंभकोणमची कोवळी विड्याची पानं प्रसिद्ध. त्या मळ्यांनाही पाणी हवंच. शेजारच्या स्वामिमलैचे स्थपती पंचधातूच्या मूर्ती ओततात. मेणाच्या मूर्तीवर लेप द्यायचा तो कावेरीनं आणलेल्या मऊ गाळाचा. या गाळाला 'वंडल' म्हणतात. मूर्तीच्या बोटाचं नखसुद्धा त्यात उमटतं.

याच भात पिकवणाऱ्या मुलखावर १६७६ पासून १८५५ पर्यंत व्यंकोजीराजांच्या घराण्याचं राज्य होतं. सयाजीराव गायकवाड वयात येईपर्यंत बडोद्याचा कारभार पाहणारे दिवाण सर टी. माधवराव हेही इथलेच, १८२८ साली कुंभकोणममध्ये एका मराठी घरात जन्मलेले.

नव्या पाण्याचा खरा सोहळा होतो तो तमिळ आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी, ऑगस्टच्या दोन-तीन तारखेला. त्याचं नाव आडि पेरुक्कु. कावेरी या दिवसांत गर्भार असते, अशी समजूत. म्हणून तिचे डोहाळे पुरवायचे! हळद-कुंकू, फुलं, काळे मणी, ताडाच्या पानाची कर्णभूषणं पाण्यात सोडायची. सुवासिनी मंगळसूत्राचा पिवळा दोरा बदलतात, पोरं लाकडी रथ ओढत घाटावर येतात. लिंबाचा, चिंचेचा, नारळाचा असे भाताचे प्रकार आणि शेवटी दहीभात. आपल्या डोहाळजेवणाची पंगतच जणू, फक्त नदीकाठी मांडलेली.

पण पाणीच नसेल तर? २०१२ ते २०१९, ओळीनं आठ वर्षं मेट्टूरचं पाणी १२ जूनला सुटलं नाही. २०१७ साली तर २ ऑक्टोबर उजाडला. त्या काळात कावेरीकाठच्या काही घाटांवर बोअरचं पाणी शॉवरनं सोडून आडि पेरुक्कु उरकावा लागला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकानं वर्षाला १७७.२५ अब्ज घनफूट पाणी सोडावं, असं ठरवलं. त्याच वर्षी निसर्गानं उलटं टोक दाखवलं. इतकं पाणी आलं की २२ ऑगस्टला तिरुचीजवळच्या मुक्कोंबू बंधाऱ्याची नऊ दारं वाहून गेली आणि पूर कोळ्ळिडम नदीतून समुद्राला मिळाला. २०२० साली अखेर १२ जूनचा मुहूर्त साधला. २०२२ साली तर २४ मेलाच दारं उघडली. पण २०२३ साली पाणी वेळेवर सुटूनही पुढं पुरलं नाही, आणि कुरुवैची उभी पिकं करपली. तारखेवर पाणी आलं म्हणजे सगळं साधलं, असंही नाही.

२०२४ साली जुलैच्या सुरुवातीला मेट्टूरची पातळी जेमतेम ४० फूट होती. आडि पेरुक्कु ३ ऑगस्टला. यंदाही शॉवरच, असं बायका धरून चालल्या असतील तर नवल नाही. मग कुर्ग-वायनाडात पावसानं असा काही जोर धरला, की २८ जुलैला मेट्टूरची दारं उघडली आणि ३० जुलैला धरण १२० फुटांवर गेलं. त्याच ३० जुलैच्या पहाटे वायनाडात डोंगर खचला आणि दोनशेहून अधिक माणसं गाडली गेली. त्या दरडीचं पाणी पश्चिमेला अरबी समुद्राकडे गेलं, कावेरीत आलं नाही. पण पाऊस तोच होता.

चार दिवसांनी आडि पेरुक्कु आला तेव्हा कावेरीला पाणी होतं. बायका हळद-कुंकवाची ताटं घेऊन घाट उतरल्या, आणि डब्यांतून दहीभात निघाला.